चर्चेविना मंजूर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर वाल सोलले. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून परात मधे ठेवली होती. बायको भिंतीला टेकून, मी दाराशी पाय पसरून. तिचे वाल टपटप पातेल्यात पडत होते. माझे निसटून कपाटाखाली जात होते. जन्मभर मंडपाचे बांबू बांधले, शिडीवर चढून सुंभ आवळला, त्या बोटांना वालाचं साल कसलं सापडतंय.

"रवांदे ता, निम्मे चेपलात तुमी," ती म्हणाली. पण परात काही माझ्यापुढून ओढली नाही.

सोलता सोलता बोलणं चाललं होतं ते कॉलेजच्या कमिटीचं. पुढच्या महिन्यात मिटिंग होती. मी म्हटलं, म्हण की एकदाचं हो. कशाला त्या शिकलेल्यांच्या नादी लागतेस, दर वेळी डोकं धरून घरी येतेस.

"तो मास्तर परत तसोच येतलो," ती म्हणाली. "मी होय म्हणूचंय नाय."

मग तिने मला नारळ खवायला बसवलं. संध्याकाळी फोडणीला टाकते म्हणाली आणि जरा पडते म्हणून आत गेली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही. खालच्या मजल्यावरचा डॉक्टर वर आला, बघितलं, हृदय बंद पडलं म्हणाला. आजाराची गोष्ट सांगावी तर ती आजारी नव्हतीच. वाल शेजारणीने नेले. शिजवले की टाकले, मी विचारलं नाही.

मरतात माणसं, तिच्या मरणाचं मी काही लिहीत बसणार नव्हतो. पण वाल सोलताना ती जे म्हणाली, मी होय म्हणणार नाही, ते तिचं "नाही" त्या कॉलेजवाल्यांनी तिच्या फोटोला हार घालून कसं पुसलं, ते लिहायला पाहिजे. दुसरं कोण लिहिणार? ते तर नाहीच लिहिणार.

आमची चाळ परळला, कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून. कॉलेज म्हणजे नुसती पोरं शिकवायचं नाही, आत जंतूंच्या प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठाची मोठमोठी माणसं तिथे संशोधन करतात. मागे एकदा ते आपला कचरा भिंतीलगत जाळायला लागले. धूर आमच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांना औषधाचा वास. हिने चाळीतल्या बायका गोळा केल्या आणि गेटवर जाऊन बसली. पेपरवाले येतील म्हणून साहेब लोक घाबरले. जाळणं बंद झालं. मग थोड्या दिवसांनी हिला आत बोलावून सांगितलं, आमच्या कमिटीवर एक सामान्य नागरिक लागतो, तुम्ही या. सातवी झालेली बाई. तोंड बंद करायला खुर्ची दिली, दुसरं काय. आमच्या गणपती मंडळात पण हेच करतात. जो जास्त ओरडतो त्याला उपखजिनदार करून टाकतात, की झाला गप.

ही झाली नाही.

त्या कमिटीचं काम काय, तर कुणाला नवीन संशोधन करायचं असेल तर ते आधी हिच्यासकट चार-सहा जणांपुढे येतं. माणसावर काही करणार असाल तर त्याला त्रास होणार नाही ना. जंतू वापरणार असाल तर ते भिंतीबाहेर येणार नाहीत ना. आणि अलीकडे विद्यापीठाकडून आणखी एक प्रश्न आला होता, की तुम्ही जे शोधून काढाल त्याचा कुणी वाईट माणूस वाईट वापर करू शकेल का, आणि तसं असेल तर तुम्ही काय करणार. हे काम सुरू व्हायच्या आधी विचारायचं. प्रश्न बरोबर आहे. मी चौथी पास माणूस, मलाही कळतो. मंडपात वायर कुठून न्यायची ते आधी ठरवतात, पडदे लावून झाल्यावर नाही.

कमिटीत कुणी विरोध केला तर काम अडायचं. सगळ्यांचं एकमत पाहिजे, असा त्यांचाच नियम. तो नियम त्यांनी केला तेव्हा कुणी खरंच विरोध करेल असं त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

हिचे गुडघे दुखायचे म्हणून मी सोडायला जायचो आणि बाहेर बाकावर शिपायाशेजारी बसायचो. आत एसी, दार बंद. पण दारावरची काच फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता, सगळं ऐकू यायचं. मला आधी वाटलेलं, एवढी शिकलेली माणसं, आत काय काय वाद होत असतील. च्यायला, पहिला अर्धा वेळ कुणाची गाडी कुठे लावली त्यावर जायचा. मग सचिव एकेक विषय वाचायचे. सचिव म्हणजे कमिटीचे कागद सांभाळणारे, बारीक मिशीचे, गोड बोलणारे. ते वाचायचे, कुणीतरी मंजूर म्हणायचं, की पुढचा विषय. बिस्किटांचा पुडा फोडल्याचा आवाज विषयापेक्षा मोठा यायचा. आमच्या मंडळात रोषणाईवाल्याला काम द्यायचं की नाही यावर दोन रात्री भांडण चालतं. हे लोक जंतूंना दोन मिनिटांत परवानगी द्यायचे.

तो मास्तर आला त्या दिवशीही मी बाहेरच होतो. चाळिशीतला, परदेशात शिकून आलेला, केसांना जेल. त्याचं म्हणणं असं, की खोकल्यातून पसरणारा एक जंतू घ्यायचा आणि तो औषधाला दाद न देणारा होऊ शकतो का ते करून बघायचं. म्हणजे उद्या तो आपणहून तसा झाला तर आपण तयार असू. ऐकायला वाईट नाही. पण वाईट वापर होईल का, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, "लागू नाही". सचिवांनी तेही वाचलं, वाण्याची यादी वाचावी तसं.

हिने विचारलं, "लागू नाही, हे कुणी ठरवलं?" घरी ती मालवणीत बोलायची, तिथे शुद्ध.

"मीच ना, मावशी. माझाच प्रोजेक्ट आहे."

"म्हणजे परीक्षा तुमची आणि पेपर तपासणार तेही तुम्हीच."

आत हशा पिकला. अध्यक्षही हसले. अध्यक्ष म्हणजे तिथले सगळ्यात मोठे साहेब, रिटायर झाले तरी ज्यांना कुणी घरी जाऊ देत नाही त्यातले. हसून झाल्यावर ही परत बोलायला लागली. म्हणाली, तुम्ही हे कसं केलं त्याची सगळी रीत लिहून छापणार ना? छापणार. जगात कुणीही वाचणार? वाचणार, मावशी, विज्ञान सगळ्यांचं असतं. मग कुणी औषध करायला वाचेल, तसं कुणी लोकांना मारायलाही वाचेल. त्यातलं काय छापायचं, काय नाही, आणि जे नाही छापायचं ते कुणाच्या ताब्यात राहणार, हे आज ठरवा, मग सुरू करा.

मास्तर म्हणाला, ते सगळं निकाल हातात आल्यावर बघता येईल.

"उतू गेल्यावर झाकण शोधणार का?" ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. विषय पुढच्या सभेला ढकलला. पुढच्या सभेला तो परत आला, "लागू नाही" तसंच. हीही तशीच. परत ढकलला. घरी येऊन मला म्हणाली, "माका जंतू कळणत नाय, माणसा कळतत. ह्यांका घाई आसा." तिला विज्ञानातलं काही कळत होतं असं मी म्हणत नाही. कळत नव्हतंच. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

आणि तिसरी सभा यायच्या आधी ती गेली.

दिवस झाले तसे अध्यक्ष आणि सचिव आमच्याकडे आले. हार एवढा जाड की फोटोत तिचं कपाळच तेवढं दिसत राहिलं. अध्यक्ष पंख्याखालच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आजोबा, आजी फार सोज्वळ होत्या हो." सोज्वळ? भाजीवाल्यापासून भाडे वसूल करणाऱ्या मेहत्यापर्यंत अख्खं परळ तिच्या तोंडाला टरकून होतं. मी तिच्याबरोबर जन्म काढला, मला एक दिवस सोज्वळ दिसली नाही. जिवंतपणी यांना तिचा घाम फुटायचा आणि आता सोज्वळ. मेलं की माणसाचं तिखट काढून घेतात हे लोक, मग खायला सोपं जातं.

पुढच्या सभेत तिच्यासाठी शोकप्रस्ताव ठेवलाय, तुम्ही सन्मानाने या, असं म्हणाले. मला जायचं नव्हतं. माझी मुलगी वडाळ्याहून येऊन राहिली होती, ती म्हणाली, बाबा जा, आईचा मान आहे. मान म्हटल्यावर बायकांपुढे काही चालत नाही. गेलो.

पहिल्यांदाच त्या दाराच्या आत गेलो. तिच्या खुर्चीवर गुलाबाचं फूल ठेवलं होतं. मला अध्यक्षांच्या बाजूला बसवलं. शाल घातली, नारळ हातात दिला. भाषण झालं. त्यात ती परत सोज्वळ झाली, शिवाय मृदुभाषी झाली आणि संस्थेची हितचिंतक झाली. मग सगळे उभे राहिले.

शोकसभांच्या सतरंज्या मी आयुष्यभर घातल्या. पुढाऱ्यांच्या, नटांच्या, नगरसेवकांच्या. मला ठाऊक आहे, दोन मिनिटं म्हणजे किती. माणूस डोळे मिटतो, मग उघडतो, शेजाऱ्याकडे बघतो, मग संपलं. इथे तेवढंही नाही. एक बाई टेबलाखाली मोबाईल बघत होत्या. जेलवाला मास्तर समोर मान खाली घालून उभा होता. त्याचंच काय ते नीट चाललेलं दिसलं मला, आणि मी मनात म्हटलं, पोरगा बरा आहे.

अध्यक्ष बसले, आम्ही बसलो. अध्यक्षांनी घसा साफ करून सांगितलं, "दिवंगत सदस्येला आदरांजली म्हणून आजची सभा इथेच तहकूब करू या. विषयपत्रिकेवरचे सर्व विषय चर्चेविना मंजूर समजावेत."

सगळ्यांनी टेबल वाजवलं. खुर्च्या सरकल्या. समोसे आले.

मला काही कळलं नाही. सभा तहकूब करतात, ती रीत मलाही माहीत आहे, मोठा माणूस गेला की करतात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिच्यासाठी सभा बंद ठेवली. मी समोसा हातात घेतला तेवढ्यात तो मास्तर आला आणि माझ्या पाया पडला. वाकला तेव्हा जेलचा वास आला.

"आजोबा, आजींच्या आशीर्वादाने काम मंजूर झालं आज," म्हणाला. "त्या मला नेहमी मुलासारखं बोलायच्या."

"कुठलं काम?" मी विचारलं.

"माझा प्रोजेक्ट. खूप दिवस अडकला होता."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. तो माणूस लबाड असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला खरंच वाटत होतं की माझ्या बायकोने त्याला आशीर्वाद दिलाय. एवढं शिकून माणूस एवढा बथ्थड कसा राहतो, मला त्याचंच आश्चर्य वाटलं.

मी समोसा ठेवला आणि सचिवांना गाठलं. विचारलं, ते खोकल्याच्या जंतूचं पण पास झालं का? म्हणाले हो, सगळेच विषय झाले ना आज. म्हटलं, तिने त्याला नाही म्हटलं होतं. सचिव अगदी हळू, दवाखान्यात बोलतात तसं बोलायला लागले. आजोबा, त्यांचा आक्षेप होता खरा, पण आक्षेप घेणारा सदस्यच आता राहिला नाही, मग तो आक्षेप कसा राहील. म्हणजे तिला जाळली तेव्हा तिचं बोलणंही जळालं, असा त्यांचा हिशेब. आणि जे जिवंत होते त्यांच्यातल्या एकालाही तिचाच प्रश्न परत विचारावासा वाटला नाही. प्रश्न काय तिच्या माहेरचा होता?

मी म्हटलं, "मग मी बोलतो. माझा आक्षेप लिहा."

"तुम्ही पाहुणे आहात, आजोबा. सदस्य नाही." मग त्यांना एकदम सुचल्यासारखं झालं. "खरं म्हणजे आजींची जागा रिकामी आहे. बाहेरचं एक माणूस कमिटीवर ठेवावंच लागतं आम्हाला. तुम्हीच या की. घरातल्या घरात राहील."

घरातल्या घरात. रेशनकार्डावर नाव चढवावं तसं. चौथी पास म्हातारा, बायको गेलेली, शाल घातली की गप बसेल, पाय धरले की विरघळेल. यांना हिच्यापेक्षा असलाच सामान्य नागरिक पाहिजे होता पहिल्यापासून. मी सांगितलं, "असल्या ठिकाणी मी चपला राखायलाही बसणार नाही." नारळ टेबलावर ठेवला आणि निघालो. शाल अंगावर राहिली, ते रस्त्यात लक्षात आलं.

घरी आलो तर गॅलरीत शेजारणी जमल्या. शाल बघितली, हात लावून बघितला, केवढा मान केला म्हणाल्या. मी शाल काढून त्यांच्याच हातात दिली. मुलगी विचारत होती काय झालं. मी सांगितलं सगळं. ती म्हणाली, जाऊ द्या ना बाबा, आई तर आता नाही. हे मी दुपारपासून दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा सचिवाच्या तोंडून, आता पोटच्या पोरीच्या. तिचा राग नाही, ती रडून रडून थकली होती. मी म्हटलं, आई नाही म्हणूनच तर, आणि उठलो.

बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. आपण काही करू शकत नाही याचा संताप फार घाण असतो, कुणाला शिवी द्यावी तेही सुचत नाही. खाली पटांगणात मंडळाची पोरं वर्गणीवरून भांडत होती. आमच्या मंडळात सगळ्यात जास्त भांडण कधी होतं, ठाऊक आहे? वार्षिक सभेत, अगदी सुरुवातीला. पहिला विषय कायम एकच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. चिटणीस वाचायला लागतो आणि मागून कुणीतरी उठतो, हे असं ठरलंच नव्हतं, खोडा. मग कॉलर धरतात, खुर्च्या फेकतात. मी स्वतः फेकलेल्या खुर्च्या गोळा केल्यात. पण खोडल्याशिवाय सभा पुढे जात नाही. जोवर कायम होत नाही तोवर काही कायम नाही.

आणि हे कॉलेजवालेसुद्धा पहिल्यांदा मागचंच वाचतात. त्या फुटक्या काचेतून मी किती वेळा ऐकलंय. सचिव गुळगुळीत आवाजात वाचतो, कायम, कायम म्हणतात, पुढे जातात. आजपर्यंत तिथे मागून कुणी उठला नाही, एवढाच फरक. दोन मिनिटं सगळे उभे होते. मी स्वतः तिथे होतो. एकही विषय वाचला नाही, एकानेही मंजूर म्हटलं नाही, नुसतं टेबल वाजवलं. मग मंजूर कुणी केलं? गुलाबाच्या फुलाने?

पण हे विचारायला सदस्य पाहिजे.

मला त्या खुर्चीची किळस वाटत होती, आजही वाटते. त्या लोकांबरोबर बिस्किटं खायची, गाड्यांच्या गप्पा ऐकायच्या, आणि ते मला आजोबा आजोबा म्हणणार. तिने हे कसं सोसलं, मला कधी सांगितलं नाही. डोकं धरून घरी यायची तेव्हा मी चहा करून द्यायचो आणि हो म्हण म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि कॉलेजात गेलो. मुलीला भाजी आणतो म्हणून सांगितलं. ऑफिस उघडलेलं नव्हतं. शिपायाने ओळखलं, बाकावर जागा करून दिली. सचिव आले ते मला बघून दारातच थबकले. काल टेबलावर ठेवलेल्या नारळाचं काहीतरी बोलायला लागले, विसरलात म्हणाले. मी म्हटलं, नारळाचं नंतर बघू. तिची जागा मला पाहिजे.

त्यांचा चेहरा एकदम खुलला. किती छान, आजोबा, आजींना आनंद होईल, असं काय काय बोलले. आत नेलं, बसवलं, सहीला कागद काढला, चहा सांगू का विचारलं.

"चहा नको," मी म्हटलं. "पुढच्या सभेत मागचं वाचाल ना, ते जरा सावकाश वाचा. मला ऐकायचंय."

वाचू की, म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. माझी सही मोठी येते, रेघेत मावत नाही. ते म्हणाले, चालेल.